मदत हवी आहे: जुन्या कवेलूच्या (कौलारू) शाळेला चुन्याचा गिलावा करणारा मिस्त्री कुठं भेटल?

नमस्कार भाऊ लोकहो, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. गावातली जुनी शाळा सीपी अँड बेरारच्या (मध्य प्रांत-वऱ्हाड) काळातली, म्हणजे १९५० च्या आधीची. दीड-दोन फुटाच्या विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी लाकडी सांगाडे), वर कवेलू, समोर लांब व्हरांडा आन् छताजवळ झरोके, गरम हवा वरूनच निघून जाते, मे महिन्यात ४५ डिग्रीतही आत बसवते. नवीन स्लॅबची शाळा झाली तशी इथं आधी रेशनचं गोडाऊन होतं मग कापूस भरला, आता पोट्ट्यांसाठी अभ्यासिका करायचं ठरलं आहे.

घोळ असा की मागच्या साली एका ठेकेदारानं खालचा तीन फूट भाग सिमेंटनं गिलावून टाकला. काळ्या मातीतली ओल भिंतीत चढते, चुन्यातून ती वाळून निघून जायची, सिमेंटनं कोंडली आन् आता लोणा (पांढरा खार) फुटून पोपडे पडून राहिले. तो म्हणते कवेलूही काढा, टीन टाका. टीनखाली पोट्टे भाजतील ना बाप्पा!

तर सिमेंट खरवडून परत चुना लावायचा असंन तर भिंत किती दिवस उघडी ठेवावी? चुना भिजवून सुरखी (विटांचा चुरा) आन् रेती मिसळायची हे माहीत हाय, गूळ-बेलाचं पाणी खरंच टाकता काय? आन् कैचीच्या एका टोकाला उधई (वाळवी) लागली, तेवढाच तुकडा बदलता येते का? यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडं कोणी केलं असंन तर सांगा, पावसाळ्याच्या आधी उरकायचं आहे.