फड्या निवडुंगाच्या बोंडांचा रंग काढायचाय, स्पिरिट-बिरिट न वापरता जमेल का?

वेंगुर्ल्याची_सून

नमस्कार मंडळी, आमचा आठ बायकांचा बचत गट आहे, कोकम सरबत, आगळ, आवळा कँडी असलं सगळं करतो. आमच्या सड्यावर गडग्याच्या कडेने फड्या निवडुंग नुसता माजलाय आणि थंडीत त्याला जांभळट लाल बोंडं लागतात, ती एकतर पक्षी खातात नाहीतर पोरं. माझी जाऊ राजकोटला असते, ती म्हणाली तिकडे फिंडला म्हणून ह्याचंच सरबत बाटल्या भरभरून विकतात आणि लोक रक्त वाढतं म्हणून पितात. म्हटलं आपणही करून बघू.

केलं तर काय, आधी हातात कुसळं गेली ती दोन दिवस काढत होते. मग गर काढून साखर घालून मस्त उकळला. सुरुवातीला असा सुंदर राणी कलर होता की सगळ्याजणी बघायला जमल्या, आणि वीस मिनिटांनी विटकरी, दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चहाच्या गाळासारखा. वर चिकट तार, भेंडीसारखी.

भाचा एमएस्सी करतोय, तो म्हणाला मावशी मिथेनॉलमध्ये भिजव, आमच्या लॅबमध्ये तसंच काढतात, एकदम छान रंग उतरतो. मला ते काही बरं वाटलं नाही, प्यायची वस्तू आहे. मग तोच म्हणाला आता 'ग्रीन सॉल्व्हंट' निघालेत. ते म्हणजे नक्की काय आणि आमच्यासारख्यांना घरच्या शेडमध्ये जमण्यासारखं आहे का? की हा सगळा लॅबवाल्यांचा खेळ आहे?

गडग्यावरचो

गो बाय, आधी निवडुंग खयचो ता बघ. मोडल्यावर पांढरो चीक येता तो फड्या न्हय, तेच्या वाटेक जाव नको, डोळ्यात गेलो तर वाट लागात. फड्याचे पानासारखे चपटे फड असतत आणि चीक येणा नाय. बाकी कुसळांचा म्हणशीत तर आमची आजी बोंडा चिमट्यान धरून चुलीच्या जाळार फिरवी, कुसळा चुरचुर करून जळतत, मगे गोणपाटार घोळवची आणि धुवची. हातमोज्यांचो काय उपयोग नाय, कुसळा मोज्यात जातत आणि मोजो मगे वर्षभर चावता.

लोटे_शिफ्टवाला

ताई, वीस वर्षं केमिकल प्लांटात काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावणार, माफ करा.

पहिलं म्हणजे मिथेनॉल विसरा. भाच्याची चूक नाही, लॅबमध्ये ते चालतं कारण तिथे तो रंग कोणी पीत नाही, मशीनवर मोजतात आणि सिंकमध्ये (खरं तर वेस्ट कॅनमध्ये) ओततात. मिथेनॉल ६५ डिग्रीला उकळतं त्यामुळे उडून जाईल असं वाटतं, पण साखर आणि चिकट गरातून ते शेवटच्या थेंबापर्यंत घालवणं शेडमधलं काम नाही, आणि ते पोटात गेलं की डोळे जातात, विषारी दारूच्या बातम्या आपण वाचतोच.

आता तुमचा रंग का मेला ते. कोकमातला लाल आणि निवडुंगातला लाल दिसायला भाऊ-भाऊ पण जात वेगळी. कोकमात अँथोसायनिन असतं, जांभूळ करवंदात असतं तेच घराणं. निवडुंग, बीट, ड्रॅगन फ्रूट, राजगिरा यांच्यात बीटालेन असतात, लाल-जांभळा तो बीटासायनिन आणि पिवळा तो बीटाझँथिन. गंमत म्हणजे एकाच झाडात हे दोन्ही कधीच सापडत नाहीत, झाड एकतर ह्या पार्टीचं नाहीतर त्या. तर कोकम उन्हात वाळवून, मीठ लावून, कसंही हाल केलं तरी बऱ्यापैकी टिकतं, बीटालेन मात्र उष्णतेला एकदम नाजूक. उकळलात की त्याचे दोन तुकडे होतात, एक पिवळा आणि दुसरा पुढे तपकिरी होत जाणारा. तुमचा विटकरी आणि मग चहाचा गाळ हाच. उजेड आणि हवेनेही जातो, आणि लोखंड-तांब्यानेही, म्हणजे आडाळ्यावर चिरू नका, स्टीलची सुरी घ्या आणि पातेलंही स्टीलचं नाहीतर काचेची बरणी. (एक मजा सांगतो, तापवून फिका पडलेला रस आंबट करून फ्रीजमध्ये ठेवला तर थोडा रंग परत येतो, कारण ते तुटणं थोडंफार उलटं फिरतं. पण पार तपकिरी झाला असेल तर गेला तो गेला.)

ग्रीन सॉल्व्हंट म्हणजे हिरव्या रंगाचं काही नव्हे, हा शब्द ग्रीन केमिस्ट्रीतून आला. १९९८ साली पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १२ तत्त्वं मांडली, त्यातलं एक असं की सॉल्व्हंटसारख्या मदतनीस वस्तू जमेल तिथे टाळा आणि लागल्याच तर निरुपद्रवी घ्या. आता तुमच्या नशिबाने बीटालेन पाण्यात विरघळतात. म्हणजे जगातलं सगळ्यात ग्रीन सॉल्व्हंट तुमच्या विहिरीत आहे. तेलात विरघळणारा हळदीसारखा रंग असता तर तुम्हाला खरा प्रश्न पडला असता.

करायचं काय तर बोंडं स्वच्छ करून आधी डीप फ्रीजरला टाका, रात्रभर. बर्फाने पेशी फुटतात, सकाळी वितळली की रंग नुसता गळतो. मग थंड पाण्यात थोडं लिंबू, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४ ते ५ च्या मधे येईल इतपत, मलमलच्या फडक्यातून गाळा, बिया वाटू नका. एकदम तीन लिटर पाणी ओतू नका, लिटर लिटर तीनदा घाला. हिशोब सोपा आहे, समजा गर आपल्यात लिटरभर पाणी धरून ठेवतो, तर तीन लिटर एकदम घातलंत की चौथा हिस्सा रंग गरातच राहील, तीनदा एकेक लिटर घातलंत तर आठवा हिस्सा राहील. तेवढ्याच पाण्यात दुप्पट धुलाई.

पण इथे एक मेख आहे. ते तीन लिटर पातळ पाणी आटवणार कसं? आटवायला तापवावं लागणार आणि तापवलं की रंग मेला. मोठे कारखाने व्हॅक्यूमखाली कमी तापमानात आटवतात नाहीतर फ्रीझ ड्राय (गोठवून पाणी उडवणं) करतात आणि त्याला वीज लागते ती लागतेच. मला नेहमी वाटतं की रिसर्च पेपरात 'ग्रीन' लिहिणारे लोक सॉल्व्हंट मोजतात पण ते काढून टाकायला जळलेला कोळसा मोजत नाहीत.

बीकर_आणि_बांगडा

शिफ्टवाले काका +१, मी ह्याच विषयात प्रोजेक्ट करतेय (ड्रॅगन फ्रूटची सालं), दोन गोष्टी वाढवते.

१) इथेनॉल पण ग्रीन मधेच धरतात आणि अर्धं पाणी अर्धं इथेनॉल घेतलं तर तुमची ती भेंडीसारखी तार खाली बसते कारण चिकट द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, रंग वर राहतो. लॅबमध्ये आम्ही हेच करतो. पण बचत गटाला इथेनॉल म्हणजे एक्साइजचं परमिट वगैरे आलं, आणि हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट तर अजिबात नको, त्यात मुद्दाम विष मिसळलेलं असतं.

२) तुमचा भाचा बहुतेक डीप युटेक्टिक सॉल्व्हंटबद्दल बोलत होता. दोन घन पदार्थ ठराविक प्रमाणात मिसळले की दोघांचा वितळण्याचा बिंदू धाडकन खाली येतो आणि पातळ द्रव तयार होतो. इंग्लंडात लेस्टरच्या अँड्र्यू अॅबट यांच्या ग्रुपने २००३ मध्ये कोलीन क्लोराइड आणि युरियाचं दाखवलं, एकटं कोलीन क्लोराइड ३०२ डिग्रीला वितळतं, युरिया १३३ ला आणि एकास दोन मिसळलं की १२ डिग्रीला द्रव! नंतर साखर, सायट्रिक अॅसिड, लॅक्टिक अॅसिड, ग्लिसरीन असल्या झाडातच सापडणाऱ्या वस्तूंपासून केलेल्यांना 'नॅचरल' म्हणून नाडेस (नॅचरल डीप युटेक्टिक सॉल्व्हंट) म्हणायला लागले. रंग त्यात बराच टिकतो कारण मोकळं पाणी कमी असतं. तोटा म्हणजे जाम घट्ट, काकवीसारखं, म्हणून वीस तीस टक्के पाणी घालावंच लागतं, आणि ते उडत नाही, ग्लिसरीन २९० डिग्रीला उकळतं, म्हणजे एकदा घातलं की रंग आणि सॉल्व्हंट आयुष्यभर सोबत. त्यामुळे ज्याला आपण खाणार तेच सॉल्व्हंट घ्यायचं. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, तुम्ही सरबतात घालायला जाऊ नका.

अल्ट्रासाउंड पण वापरतात, चष्मे धुवायच्या मशीनसारखा टब, बारीक बुडबुडे फुटून पेशी फोडतात. मी पहिल्यांदा बर्फ ठेवायला विसरले, अर्ध्या तासात टब कोमट झाला आणि माझा अख्खा सेट पिवळा. गाइडनी काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं.

लोटे_शिफ्टवाला

हे वाचून एक डोक्यात आलं. ताई, तुम्ही अमृत कोकम कसं करता? ताज्या सालांवर साखर, परत सालं, परत साखर, बरणीत थर लावून ठेवता ना? पाण्याचा थेंब घालत नाही, आग नाही, साखर सालांतलं पाणी ओढून घेते आणि त्या पाण्याबरोबर रंग आणि आंबट बाहेर. साखर अधिक फळाचं अॅसिड अधिक थोडंसं पाणी. आता बीकरताई, तुमच्या नाडेसपासून हे किती लांब आहे सांगा बरं.

बीकर_आणि_बांगडा

काका 😄 अगदी तेच म्हणता येणार नाही, कारण फळाचं पाणी बरंच सुटतं आणि नाडेस पातळ केलं की निम्म्याच्या पुढे गेल्यावर ते नुसतं पाण्यातलं साखर-आम्लाचं द्रावण उरतं. पण तत्त्व शेजारचंच आहे हो. मी गाइडना दाखवते, कोकमवाल्या आजीला पेपरात सहलेखक घ्यावं लागेल.

इतिहासाचा_खोकला

मूळ विषयाला सोडून, पण राहवत नाही. हा निवडुंग आपला नाहीच, अमेरिकेतून आलाय. इंग्रजांच्या कंपनीला त्याच्यावर वाढणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग करायचा होता, जो स्पॅनिश लोक मेक्सिकोतून आणून गडगंज झाले होते. १७९५ च्या सुमारास कंपनीने किडा आणवला तो चुकीचाच, रंग निकृष्ट निघाला आणि किड्याने उलट निवडुंगच फस्त केला. पुढे दुसऱ्या जातीचा निवडुंग देशभर माजला तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून मुद्दाम तसलाच किडा आणून सोडला. तुमच्या फडांवर पांढरा कापूस दिसला तर तो हाच असेल, बोटाने चिरडून बघा, बोट लाल होतं. म्हणजे ज्या झाडाकडून लाल रंगाची आशा केली त्याच्या फळातच लाल रंग होता की राव आणि कंपनी किडे मोजत बसली. अर्थात किड्याचा रंग पक्का आणि फळाचा कच्चा, कापडाला फळाचा उपयोग नव्हता हेही खरं.

वेंगुर्ल्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि गडग्यावरच्या काकांचे खास, जाळावर फिरवून कुसळं खरंच गेली.

आता रिपोर्ट. फ्रीजरमध्ये शिल्लक दोन किलो बोंडं होती, त्याच्या तीन बरण्या केल्या. एक नुसत्या थंड पाण्यात लिंबू घालून, दुसरी कोकमासारखे साखरेचे थर, तिसरी साखरेचे थर आणि वर दोन लिंबांचा रस. तिन्ही कपाटात अंधारात ठेवल्या. पाण्याची बरणी रंगाला पहिल्या दिवशी सगळ्यात गडद, तिसऱ्या दिवशी वर फेस, आंबली. ओतली. साखरेच्या दोन्ही बरण्या आठव्या दिवशीही राणी कलर, लिंबूवाली जास्त उजळ आणि चवीलाही बरी, नुसती साखरवाली अगदीच मिळमिळीत गोड लागते. तार थोडी आहे पण पाण्यात सरबत केलं की कळत नाही.

दोन शंका. थोडं कोकम घातलं तर चालेल का, रंगही वाढेल आणि आपलं कोकणचं म्हणून विकता येईल? आणि रक्त वाढतं असं लेबलवर लिहू का, जाऊ म्हणते तिकडे त्याच्यावरच खप आहे.

लोटे_शिफ्टवाला

लेबलवर अजिबात लिहू नका. बीटालेन लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, त्यात लोखंडच नाही. अँटिऑक्सिडंट आहे हे टेस्ट ट्यूबमध्ये खरं, पण शरीरात शोषला जातो तो फार थोडा. उलट 'लघवी किंचित लाल होऊ शकते, घाबरू नये' हे लिहा, बीट खाल्ल्यावर काही जणांना होतं तसंच, नाहीतर पहिल्या आठवड्यात तुमचा फोन बंद करावा लागेल.

कोकम घाला, पण बेताने. कोकम भलतंच आंबट आणि पीएच तीनच्या खाली गेला की बीटालेन परत नाराज. मेडिकलमध्ये पीएचच्या पट्ट्या मिळतात, साडेतीन ते चारवर थांबा. फार वरही ठेवू नका, निवडुंगाचा रस मुळात कमी आंबट असू शकतो आणि साडेचारच्या वर असलेली हवाबंद बाटली म्हणजे न दिसणाऱ्या विषारी जंतूंना आमंत्रण, त्याचा वासही येत नाही. आगळ नको, मीठ असतं त्यात, ताज्या सालांचा रस घ्या.

बीकर_आणि_बांगडा

आणि एक घरगुती टेस्ट, उद्या कोणी तुमची नक्कल करून नुसतं कोकम विकायला लागला तर उपयोगी पडेल. चमचाभर सरबतात चुन्याची निवळी घाला. निवडुंगाचा रंग पिवळा पडतो, कोकमाचा निळसर हिरवट होतो. मिक्स असेल तर काय होईल मी करून बघितलेलं नाहीये, ताई तुमची बाटली आली की कळवते, कुरियरचे पैसे मी देते.

गडग्यावरचो

माका पण एक बाटली ठेव गो. आणि पुढच्या वर्षी फड तोडताना सगळो निवडुंग काढू नको, आमची गुरा त्याच गडग्यान अडतत.