मदत हवी आहे : आज रात्री व्याही जेवायला येणार आणि फ्रीज कालपासून बंद

पोफळीची_बाग

नमस्कार. मुलीच्या सासरची मंडळी आज रात्री आमच्याकडे प्रथमच जेवायला येत आहेत. कोंबडी-वडे, तळलेली सुरमई, सोलकढी, भात आणि आमरस असा बेत ठरलेला असल्याने मी काल दुपारीच सुरमईच्या तुकड्यांना कोकमाचे आगळ, हळद आणि मीठ लावून ठेवले, कोंबडीला आले-लसूण चोळले, खोबरे-कांदा भाजून वाटण केले आणि नारळाचा रससुद्धा काढून ठेवला. रात्री वळवाच्या पावसात आंब्याची फांदी तारांवर पडली आणि वीज गेली, ती अजून आलेली नाही. आज सकाळी पाहिले तर फ्रीजमधला गारवा पूर्ण गेला आहे. सुरमईला वास म्हणावा असा येत नाही, मात्र नारळाच्या रसावर फेस आला आहे. यातले काय वापरता येईल, हे कृपया लवकर सांगावे. आमच्याकडे मोबाईलला रस्त्यावर गेल्यावरच रेंज मिळते, त्यामुळे माझ्या उत्तराला उशीर झाला तर राग मानू नये.

रेवसचा_धक्का

ताई, उत्तर देण्यासाठी आधी काही गोष्टी कळायला हव्यात. वीज किती वाजता गेली, सुरमई वरच्या बर्फाच्या कप्प्यात होती की खाली, रात्रीतून फ्रीज किती वेळा उघडला गेला आणि जेवायला माणसे किती आहेत? दार न उघडता ठेवलेल्या फ्रीजमध्ये साधारण चार तास गारवा टिकतो, आणि बर्फाचा कप्पा ठासून भरलेला असेल तर तो त्याहून बराच अधिक काळ थंड राहतो, म्हणून हे विचारतो आहे.

कातळसडा

एवढे घाबरण्याचे कारण नाही. सुरमई स्वच्छ धुऊन घ्यावी, पुन्हा मीठ, हळद आणि थोडे व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवावी आणि रव्यात घोळवून कडक तळावी. आमच्या आजीच्या घरात फ्रीज कधीच नव्हता, तरीही आम्ही बारा महिने मासे खाल्ले आणि कोणालाही काही झाले नाही.

खाडीपलीकडे

कातळसडा, तुमच्या आजींनी सकाळी आणलेला मासा दुपारच्या जेवणाला संपवला असणार आणि उरलेले कालवण रात्री पुन्हा उकळून ठेवले असणार. काल दुपारचा कच्चा मासा मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर ठेवून तो आज रात्री तळावा, असे त्यांनीही सांगितले नसते. सुरमई, बांगडा, कुपा या जातीच्या माशांत उबेमध्ये हिस्टामिन तयार होते. एकदा तयार झाले की ते तळून, उकळून किंवा व्हिनेगर लावून जात नाही, आणि वासावरून ते ओळखता येईलच असेही नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते आणि उलट्या-जुलाबही होऊ शकतात. नव्या व्याह्यांना पहिल्याच भेटीत हा अनुभव देण्यापेक्षा सुरमईचे पैसे गेले असे समजून ती टाकून द्यावी. कोंबडीचेही तेच करावे.

विजेरी_मामा

अशा प्रसंगासाठी घरी इन्व्हर्टर असणे आवश्यक आहे. आमच्याकडे ट्यूब्युलर बॅटरी आहे आणि दर काही महिन्यांनी पाण्याची पातळी पाहून तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरले की फारसे काही पाहावे लागत नाही. मात्र साध्या इन्व्हर्टरवर फ्रीज लावू नये, त्यासाठी क्षमता अधिक लागते. आपल्या घरात किती दिवे आणि पंखे आहेत ते कळवल्यास नेमका आकार सांगू शकेन.

खाडीपलीकडे

मामा, पाहुणे आज रात्री येणार आहेत.

पोफळीची_बाग

सर्वांचे आभार. वीज रात्री नऊच्या सुमारास गेली. मासा आणि कोंबडी दोन्ही खालच्या कप्प्यात होती. रात्री दुधासाठी आणि पाण्यासाठी दार उघडले गेले, किती वेळा ते सांगता येणार नाही, कारण घरात मुले आहेत. आम्ही धरून बारा माणसे जेवायला आहेत. गॅस भरलेला आहे. पंप बंद असला तरी विहिरीवर रहाट आहे, त्यामुळे पाण्याची अडचण नाही. मिक्सर अर्थातच चालणार नाही. मंडळी साताऱ्याकडची आहेत आणि व्याह्यांचे थोरले बंधू माळकरी आहेत, त्यांच्यासाठी वरण-भात आणि बटाट्याची भाजी मी वेगळी करणारच होते. कोंबडी टाकायची हे मनाला पटते आहे, पण मग वड्यांबरोबर वाढायचे काय?

मालवणी_माहेर

ताई, माळकरी पाहुणे असल्याचे कळल्यावर तुमचा बेत बिघडला असे मला वाटतच नाही. आपल्याकडे कार्यप्रसंगी वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबारे असतेच, आणि ते केले तर एकाच पंगतीत सर्वांना एकच अन्न वाढता येईल. त्या गृहस्थांचे पान वेगळे काढण्याची वेळ येणार नाही, ही गोष्ट साताऱ्याच्या घरात निश्चित लक्षात राहील. वड्याचे पीठ कोरडे असल्याने त्याला फ्रीज बंद पडल्याचा काहीही उपद्रव नाही. बारा माणसांना पाऊण किलो वाटाणे पुरतात. ते आत्ताच कडकडीत पाण्यात भिजत घालावेत. वड्यांचे पीठ चारच्या सुमारास कोमट पाण्यात घट्ट मळून झाकून ठेवावे आणि माणशी चार-पाच वडे धरावेत. किलोभर पिठाचे चाळीसएक वडे होतात, म्हणजे दीड किलो पीठ घेतल्यास हात आखडावा लागणार नाही.

कालचे वाटण मात्र वापरू नये. ओल्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे वाटण उबेत रात्रभर राहिले की आंबते, आणि त्याचा आंबूस वास मसाल्याखाली झाकला गेला तरी चवीत उतरतो. त्यात दोन नारळांपलीकडे तुमचे काही गेलेले नाही. माडाखाली राहणाऱ्या माणसाने तेवढ्यासाठी जीव थोडा करू नये.

रेवसचा_धक्का

सांबारे उत्तमच, परंतु पूर्ण शाकाहारी जेवणाने किनाऱ्यावर आल्यासारखे वाटणार नाही. घरात सोडे (सोललेली सुकी कोलंबी) असतील तर सोडे-बटाट्याचा रस्सा करावा, कारण सुक्या माशाला वीज लागत नाही. आमच्या अलिबागकडे पाहुण्यांसाठी सोडे मुद्दाम राखून ठेवलेले असतात.

मालवणी_माहेर

सोडे मलाही प्रिय आहेत. तरीही घाटावरच्या मंडळींना पहिल्याच भेटीत सुक्या माशाचा वास सोसेल की नाही, हे आपल्याला माहीत नाही, आणि बंद पंख्यांच्या घरात तो वास माळकऱ्यांच्या पानापर्यंत जाईल. अलिबागचे पाहुणे असते तर मीही हाच सल्ला दिला असता.

रेवसचा_धक्का

हा मुद्दा मान्य आहे, तथापि वासाची भीती जरा अधिक दाखवली जाते. सोडे कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, लसणीवर परतले तर वास निम्म्याहून कमी होतो.

कातळसडा

मासा हवाच असेल तर संध्याकाळी बंदरावर जाऊन ताजा आणावा. मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, म्हणजे अजून होड्या जात आहेत. नाहीतर गावातून जिवंत कोंबडा आणावा.

खाडीपलीकडे

कालच्या वाऱ्यानंतर आज किती होड्या बाहेर पडल्या असतील, याचा भरवसा नाही, आणि मासळीची वाट पाहत यजमानीणबाईंनी संध्याकाळ बंदरावर घालवावी हे व्यवहार्य दिसत नाही. गावठी कोंबडा शिजायला अतोनात वेळ घेतो. वीज नसलेल्या घरात एका बाईने किती आघाड्या सांभाळाव्यात, याचाही विचार सल्ला देताना व्हावा.

पोफळीची_बाग

सांबाऱ्याचे ठरले. वाटाणे भिजत घातले आहेत, सुरमई आणि कोंबडी आगरात खोल खड्डा करून पुरली आहे. आंबे पिकत घातलेले आहेत, त्यामुळे आमरस हाताने काढता येईल. दोन शंका उरल्या आहेत. मिक्सरशिवाय सोलकढीसाठी रस कसा काढावा? आणि कोंबडी-वड्यांचे आमंत्रण दिलेले असताना पानात वाटाणे पाहून मंडळींचा गैरसमज होणार नाही ना?

मालवणी_माहेर

पाटा-वरवंटा असेलच. नारळ विळीवर खवावा, पाट्यावर दोन-तीन फेऱ्यांत ठेचल्यासारखा वाटावा, वाटताना थोडी लसूण आणि हिरवी मिरची घालावी. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात कालवून पंचातून पिळावा. पहिला दाट रस वेगळा ठेवून चोथा पुन्हा कोमट पाण्यात कुस्करला की दुसरा रस निघतो. दोन्ही एकत्र करून शेवटी आगळ आणि मीठ घालावे. आगळात मीठ असते, म्हणून मीठ चाखूनच घालावे. सोलकढी कधीही गरम करू नये, ती फुटते. मंडळी यायच्या तासभर आधी केली आणि पातेले विहिरीच्या गार पाण्याच्या परातीत ठेवले तर बर्फाची उणीव भासणार नाही. सांबाऱ्याच्या वाटणाचे खोबरेही याच वेळी खवून घ्यावे, म्हणजे विळीवर दोनदा बसावे लागणार नाही.

आमंत्रणाबद्दल म्हणाल, तर पानावर बसल्यावर सांगण्यापेक्षा आत्ताच विहीणबाईंना फोन करून झाले ते सांगावे. दिवे नाहीत हेही त्यांना आधी कळायला हवे, कारण ज्येष्ठ माणसे अंधारात येणार आहेत.

विजेरी_मामा

ओसरीवर एक आणि पायऱ्यांशी एक असे दोन कंदील आवर्जून लावावेत. रॉकेल मिळत नसेल तर चार्जिंगचे दिवे मोटारीत चार्ज करता येतात.

खाडीपलीकडे

मामांची ही सूचना मात्र अगदी वेळेवर आली.

पोफळीची_बाग

फोन केला. विहीणबाई म्हणाल्या की भाऊजींमुळे त्यांच्या मनातही जेवणाबद्दल संकोच होता आणि तो आम्हाला कसा सांगावा हे त्यांना कळत नव्हते. उजेडासाठी ते दोन मोठ्या बॅटऱ्या घेऊन येत आहेत आणि अंधार पडण्यापूर्वी निघणार आहेत, म्हणजे जेवण आठऐवजी साडेसातला तयार हवे. वाटाणे आत्ता दाबून पाहिले, साल सुरकुतली आहे पण आतून अजून टणक आहेत. तेवढ्या वेळात भिजले नाहीत तर काय करावे?

मालवणी_माहेर

पाणी बदलून पुन्हा एकदा कडकडीत पाणी ओतावे आणि वर जड झाकण ठेवावे. साडेचारला चिमूटभर खाण्याचा सोडा घालून कुकर लावावा, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून अर्धा तास ठेवावा, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. तरीही टणक लागले तर पुन्हा दहा मिनिटे शिजवावेत. मीठ आणि आमसूल मात्र वाटाणे बोटांनी चिरडेपर्यंत घालू नये, कारण आंबट पडल्यावर ते पुढे शिजत नाहीत. मूठभर शिजलेले वाटाणे वाटणात मिसळून घातले की रस्सा दाट होतो, तेवढे बाजूला काढून ठेवावेत.