मोपेडला नवे ब्रेक शू टाकले, तरी पकड येत नाही

प्रश्न (यावल तालुका)
शेतात ये-जा करण्यासाठी माझ्याकडे एक जुनी मोपेड असून तिला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मागचा ब्रेक फार हलका झाल्यामुळे गॅरेजमध्ये नवे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) बसवून घेतले, तरीही लिव्हर पूर्ण दाबल्यावर गाडी रेंगाळतच थांबते. मागे केळीच्या कंदांचे पोते असले की धडकीच भरते. केबल ताणली तर चाक घासत फिरते, पण पकड वाढत नाही. ड्रमच बदलावा लागेल का?

उत्तर (चाळीसगाव)
भाऊ, ड्रमचा खर्च करण्याआधी शू नेमके कुठे टेकतात ते पाहा. जुना ड्रम आतून झिजून मोठा झालेला असतो, त्यामुळे नव्या शूची गोलाई त्याच्याशी जुळत नाही आणि शू फक्त मधल्या पट्ट्यातच टेकतो. लायनरवर (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीवर) खडूच्या आडव्या रेघा ओढा, चाक बसवून हलका ब्रेक दाबत फिरवा आणि पुन्हा उघडा. जिथला खडू पुसला गेला, तेवढाच भाग काम करतो आहे असे समजा. तो उंचवटा पॉलिश पेपरने थोडा-थोडा घासून पुन्हा तपासायचा. या कामात घाई करू नये. चाक बसवताना अ‍ॅक्सलचा नट आधी सैल ठेवून ब्रेक दाबून धरावा आणि तसाच नट आवळावा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यभागी येतात. आमच्याकडे कन्नडचा घाट उतरताना ब्रेक तापतात, ड्रम फुगून शूपासून दूर सरकतो आणि लिव्हर आणखी आत जाते, म्हणून ही कसर सपाट रस्त्यावरच काढलेली बरी.

उत्तर (शहादा)
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. त्याशिवाय, ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि ड्रमवरचा आर्म (केबल ओढते तो बाहेरचा दांडा) यांच्यात जवळजवळ काटकोन व्हायला हवा. आर्म त्यापुढे गेला, तर हाताचा जोर वाया जातो. मात्र शू झिजलेले असताना आर्म एक दाता मागे बसवून काम भागवणे धोक्याचे आहे, कारण कॅम (आर्मबरोबर फिरून शू फाकवणारा आतला तुकडा) उलटून चाक अचानक जाम होऊ शकते. काळ्या मातीचा चिखल केबलमध्ये शिरला असेल, तर केबल सरळ नवी टाका.

प्रश्नकर्ता
खडू खरोखरच फक्त मध्ये पुसला गेला. एका शूच्या कडेला मात्र काळपट ओल दिसते. तो शू पेट्रोलने धुऊन चालेल का?

उत्तर (चाळीसगाव)
नाही दादा. ती ओल बहुधा बेअरिंगच्या ग्रीसची असावी. पेट्रोलने लायनर वरून कोरडा दिसतो, पण तापला की आत मुरलेले तेल पुन्हा बाहेर येते. आधी ऑइल सील (ग्रीस बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) बदला, ड्रम स्वच्छ पुसा आणि मगच दोन्ही शू नवे टाका. कॅमला ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढेच लावा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली भुकटी हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसा. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असेल, तर आतला व्यास मोजून घ्या. झीज त्यापलीकडे गेली असेल, तर लेथवर घासून उपयोग नाही, तेव्हा मात्र ड्रम बदलावाच लागेल.