आयडल गेम खेळूनही दमायला का होतं?

सांजवेळ:
गेल्या आठवड्यात रात्री तीनचा गजर लावून उठले. घरात कुणी आजारी नव्हतं की कुठली गाडी पकडायची नव्हती. फोनवर एक आयडल गेम आहे, म्हणजे आपण काही न करताही ज्यात कमाई चालू राहते असा. त्यात आपण नसतानाची कमाई चारच तास साठते, मग गेममधल्या खाणी बंद पडतात. ती उचलायची होती. अंधारात डोळे किलकिले करून 'गोळा करा' दाबलं, आकडा फुगला आणि माझी झोप उडाली ती उडालीच. सकाळी गेम काढून टाकला.

नाव 'आयडल', म्हणजे निवांत, पण राबतो आपणच. २००२ च्या प्रोग्रेस क्वेस्ट या गेममध्ये पात्र तयार केलं की खेळाडूला करण्यासारखं काही उरतच नसे. ग्राइंड, म्हणजे तेच तेच काम पुन्हा पुन्हा, करायला लावणाऱ्या गेमचं ते विडंबन होतं. २०१० मध्ये गेम डिझायनर इयन बोगोस्ट यांनी काऊ क्लिकर हा गेम काढला. गायीवर क्लिक करा, सहा तास थांबा, पुन्हा क्लिक करा. तीही फेसबुकवरच्या तेव्हाच्या गेमवरची टीकाच, तरी हजारो लोक तो गेम खेळत बसले. ज्या युक्तीचा फोलपणा दाखवायचा होता तिच्यावरच आज धंदा चालतो, याचा मला मनापासून राग येतो.

रिकामा_कोपरा:
तुमचा त्रास खरा आहे, निष्कर्ष पटला नाही. तुम्हाला दमवलं ते चार तासांच्या मर्यादेनं. ती मुद्दाम घातलेली असते, म्हणजे तुम्ही परत परत याल आणि कधीतरी कंटाळून ती वाढवायला पैसे मोजाल.

मी आयडल गेमकडे वळलो तोच थकून. मोठ्या ऑनलाइन गेममध्ये रोज नेमून दिलेलं काम म्हणजे डेली क्वेस्ट, ठरावीक मुदतीत टप्पे गाठून बक्षिसं मिळवायचा बॅटल पास संपत आलेला, वर गटातले लोक खोळंबलेले. कामावरून सुटून दुसऱ्या कामावर गेल्यासारखं वाटायचं. आता कुकी बनवत राहायचा कुकी क्लिकर हा आयडल गेम एका कोपऱ्यात उघडा असतो. आपल्यासाठी आपोआप क्लिक करणारा पहिला कर्सर १५ कुकींना मिळतो आणि पुढचा प्रत्येक १५ टक्क्यांनी महाग. पन्नास घेऊन झाले की एक्कावन्नावा सोळा हजारांच्या वर जातो! म्हणून मग कुकी बनवणारी आजी घ्यायची, कुकींचं शेत घ्यायचं, वाढ मंदावली की सगळं सोडून नव्यानं सुरुवात करायची. हे गणित उघड्यावर आहे, कुणी फसवत नाही. मला यात खरंच विसावा मिळतो.

धीमी_चाल:
एक बाजू राहून जातेय. माझ्या उजव्या मनगटाचं दुखणं जुनं आहे. भराभर बटणं दाबायचे गेम मला बंदच झाले. मेल्वर आयडल या गेममध्ये मासेमारी लावून ठेवते, तासाभरानं येऊन काय मिळालं ते बघते, पुढचं कौशल्य निवडते. विचार माझा, हाताला ताण नाही. 'हा काय गेम आहे' असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं.

सांजवेळ:
धीमी_चाल, तुमच्यासारख्यांचा विचार मी केलाच नव्हता, मान्य. पण रिकामा_कोपरा, मर्यादा आणि प्रकार असे वेगळे काढता येतात का? फुकटच्या गेमला पैसा कुठून तरी काढावाच लागतो, आणि या प्रकारात वाट बघण्याशिवाय विकायला दुसरं असतं काय?

रिकामा_कोपरा:
काढता येतात. क्लिकर हीरोज हा आयडल गेम बनवणाऱ्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं की दुसरा भाग फुकट नसेल, एकदाच किंमत घेऊ. काही खेळाडू झेपणार नाही इतका खर्च करतात, ते त्यांना पटत नव्हतं. त्याच वर्षी गेम डिझायनर फ्रँक लँट्झ यांचा युनिव्हर्सल पेपरक्लिप्स हा पेपरक्लिपा बनवायचा गेम आला, ब्राउझरमध्ये फुकट. त्याला चक्क शेवट आहे. विश्वातलं सगळं द्रव्य पेपरक्लिपांत रूपांतरित झालं की खेळ संपला.

अर्धविराम:
शेवट असणं हाच मुद्दा वाटतो. मी दोन वर्षं एक गेम खेळलो. आकडे इतके मोठे झाले की वाचता येईनात, त्यांच्यापुढे अक्षरं आली, आणि दर आठवड्याला गेममधलं नवं चलन. सोडताना दोन वर्षं वाया जातील याचीच भीती होती, मजा कधीच संपली होती.

सांजवेळ:
अर्धविराम, हेच! गजर लावताना माझ्याही मनात तीच भीती होती, आता साठलेलं बुडेल. काल पेपरक्लिप्स सुरू केलाय. तार संपली की पेपरक्लिपा बनायच्या थांबतात, म्हणून सारखं बघावं लागतं, पण ती आपोआप घेणारं यंत्र पुढे मिळतं म्हणे. शेवटापर्यंत पोचले की इथे लिहिते. नाही पोचले तरी लिहीन.