जुन्या वाद्यांवर बाख वाजवताना सूर अर्धा स्वर खाली का असतो?

उत्रेख्तकर:
नमस्कार मंडळी, आम्ही नेदरलँड्सला असतो, सध्या बाबा आलेत. ते गेली कित्येक वर्षं भजनाला पेटीची साथ करतात. त्यांना नार्डनच्या ग्रोटे केर्क या चर्चमध्ये नेदरलँड्स बाख सोसायटीचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (येशूच्या अखेरच्या दिवसांवरची बाखची मोठी गायन-वादनाची रचना) ऐकायला नेलं, पावणेतीन तासांचा कार्यक्रम, मला वाटलं कंटाळतील पण ते अख्खा वेळ पुढे सरकून बसले होते! आता घरी मी एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि मग याच मंडळींचा यूट्यूबवरचा व्हिडिओ, तर व्हिडिओ ऐकून बाबा म्हणाले अरे हे अर्धा स्वर उतरलंय, काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये धरल्यासारखं. पेटीवर बघितलं तर खरंच. हे मुद्दाम करतात का? आणि मध्यंतरानंतर सगळे परत इतका वेळ वाद्यं का लावत बसतात?

तातवाला:
बाबांच्या कानाला नमस्कार सांगा _/\_ मुद्दामच करतात. आत्ताची ऑर्केस्ट्रा 'ए' हा स्वर साधारण ४४० हर्ट्झला लावते, ही जुन्या वाद्यांची मंडळी ४१५ ला, म्हणजे बरोब्बर एक पट्टी खाली. बाखच्या काळी सगळ्या युरोपात एकच स्वर ठरलेला नव्हताच, गावोगावी वेगळा, चर्चच्या ऑर्गनचा वेगळा. ४१५ हे आज सगळ्यांनी सोयीसाठी मान्य केलेलं.
आणि लावत बसतात कारण तारा स्टीलच्या नसतात, मेंढीच्या आतड्याच्या असतात, आपल्या सारंगीला तात लावतात ना तशीच. चर्चमध्ये माणसं भरली की हवा दमट होते आणि तात लगेच हलते, बिचारे काय करणार.
व्हिएन्नात हार्नोनकोर्ट पतिपत्नींनी १९५३ मध्ये कॉन्सेंटुस म्यूझिकुस हा जुन्या वाद्यांचा वाद्यवृंद काढला तेव्हा अशी वाद्यं वाजवायची कशी इथपासून शोधायचं होतं, पहिली जाहीर मैफल थेट १९५७ ला. चार वर्षं नुसता रियाझ! मला याचं फार अप्रूप आहे.

सारंगीवेडी:
काका, 'पॅशन'मधलं ते 'आउस लीबे' गाणं परत ऐकवा बाबांना, प्लीज. सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) गाते, सोबत एक लाकडी बासरी आणि दोन ओबो दा काच्चा (सनईसारखं फुंकून वाजवायचं जुनं वाद्य), बास. खाली ऑर्गन नाही, चेलो नाही, म्हणजे आपल्याकडे कुणी तंबोरा बंद करून गायला लागावं तसं, पायाखालची जमीनच काढून घेतलेली. ओबो दा काच्चा नीट बघा, धनुष्यासारखं वाकलेलं लाकूड, वर चामडं चढवलेलं आणि टोकाला पितळी कर्णा. त्याचा आवाज घोगरा पण मऊ, आणि ते दोघं नुसतं टुक टुक टुक करत राहतात. नव्या ओबोवर हे ऐकलंय मी, छान वाटतं, पण पोटात कालवत नाही.
आणि त्यातल्याच 'कोम् झ्युसेस क्रॉइत्स' या गाण्याला गांबा हे तंतुवाद्य आहे, चेलोसारखी दिसते पण पडदे असतात, गळ्याभोवती तातीचे बांधलेले, सतारीसारखे सरकवता येतात.

उत्रेख्तकर:
खूप खूप आभार दोघांचे. बाबांनी आज व्हिडिओ लावून एक पट्टी खाली धरून साथ केली, जमतंय! गांबाचे पडदे बघून तर त्यांनी व्हिडिओ तीनदा मागे नेला. पण म्हणतात सगळीकडे जुळत नाही, काही ठिकाणी गंधार पेटीपेक्षा किंचित उतरलेला लागतो आणि तोच जास्त गोड वाटतो. हे काय आहे?

तातवाला:
अहो हेच तर! पेटीत बाराही स्वरांमधलं अंतर सारखं वाटलेलं असतं त्यामुळे गंधार जरा चढाच राहतो, आपले गवई पेटीवर नाराज असतात ते यामुळेच. ही मंडळी ऑर्गन लावताना अंतरं सारखी वाटत नाहीत, नेहमीच्या पट्ट्यांमधले गंधार तंबोऱ्यातून ऐकू येतो त्याच्या जवळ नेतात. बाबांना म्हणावं पेटी बाजूला ठेवा आणि तंबोरा ॲप ४१५ च्या हिशोबाने लावून कोरल्सच्या (त्यातल्या समूहाने गायच्या स्तोत्रांच्या) सोबत नुसता आकार लावून बघा.