पश्चिमेकडची चार फुटी बाल्कनी कशी सजवावी?

प्रश्न : सांजवेळ

डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर आमची सदनिका असून दिवाणखान्याला लागून चार फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी पश्चिमाभिमुख बाल्कनी आहे. सध्या तिथे कपडे वाळत घालण्याचा स्टँड आणि काही कोमेजलेल्या कुंड्या एवढेच आहे. संध्याकाळी दोघांना चहा घेत बसता यावे आणि थोडी हिरवाई असावी, एवढीच अपेक्षा आहे. जमिनीवर कृत्रिम हिरवळ अंथरावी, छताला झोपाळा टांगावा आणि कठड्याबाहेर ओळीने कुंड्या अडकवाव्यात, असा विचार आहे. सासूबाईंना तुळस हवीच आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : ओळंबा

झोपाळा आणि बाहेरच्या कुंड्या या दोन्ही कल्पना मी तरी आधीच बाद करीन. पाचव्या मजल्यावरून वाऱ्याने सुटलेली कुंडी खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते, त्यामुळे कुंड्या कठड्याच्या आतल्या अंगालाच असाव्यात.

बहुतेक बाल्कन्यांचा स्लॅब फक्त इमारतीकडच्या बाजूने धरलेला असून त्याचे बाहेरचे टोक अधांतरी असते, आणि म्हणूनच वजन कठड्याकडे जितके सरकेल तितका स्लॅबवरचा ताण वाढतो. भारतीय मानकानुसार निवासी बाल्कनीसाठी चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार गृहीत धरतात; तेव्हा चार पाहुणे उभे राहिले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण इमारत जुनी असेल आणि सळया गंजून प्लास्टर फुगले असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये. बारा इंची कुंडीत बागेची माती भरून पाणी घातले की ती सहज पंचवीस किलोंपर्यंत जाते. मातीत निम्मा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडे गांडूळखत मिसळल्यास हे वजन बरेच उतरते. तरीही जड कुंड्या घराच्या भिंतीलगत आणि हलक्या कठड्याकडे, हा क्रम सोडू नये.

झोपाळ्याचा हूक ज्या स्लॅबमध्ये बसणार, तो वरच्या शेजाऱ्यांच्या बाल्कनीचा तळ आहे, आणि झोका घेताना त्याला नुसते वजन नव्हे तर हिसकेही बसतात. फरशीतही बोल्ट ठोकू नयेत, कारण अशा स्लॅबच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात आणि भोक पडले की गळतीला वाट मिळते.

प्रतिसाद : गोकर्णवेल

आपल्या बाल्कनीची खरी अडचण जागेची नसून दिशेची आहे. मार्च ते मे दुपारचे ऊन थेट आत येते आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा तिरप्या सरी घेऊन येतो. म्हणून मनीप्लँट, पीस लिली यांसारखी सावलीची झाडे इथे करपतील. सदाफुली, चिनी गुलाब, अडेनियम, कोरफड आणि बुटकी बोगनवेल मात्र ऊन सोसतात. उन्हाळ्यात वरच्या अर्ध्या भागाला पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मे ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) बांधावी आणि जूनपूर्वी ती काढावी. एका टोकाला दोऱ्यांवर गोकर्ण किंवा कृष्णकमळ चढवले, तर जमीन न अडवता हिरवा पडदा तयार होतो. तुळशीला हे ऊन मानवते, पण सततच्या पावसात मुळे कुजतात. त्या चार महिन्यांत तिला भिंतीच्या आडोशाला ठेवावे.

कृत्रिम हिरवळीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ती दुपारी पाय भाजेल इतकी तापते आणि पावसाळ्यात तिच्याखाली चिखल साचून वास येऊ लागतो. कुंड्यांखालच्या बशांतले पाणीही आठवड्यातून एकदा तरी ओतून देऊन बशा घासाव्यात, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अंडी बशीच्या कडेला चिकटतात आणि पाणी वाळले तरी काही महिने तग धरतात.

सांजवेळ

आपण दोघांनीही तपशिलाने लिहिलेत, आभारी आहे. झोपाळ्यावर पाणी सोडले आहे. मात्र कपड्यांचा स्टँड हलवला तर धुणे कुठे वाळत घालावे, आणि तो राहिला तर बसावे कुठे?

प्रतिसाद : दोरीवरचे धुणे

ताई, स्टँड काढून टाकावा आणि कप्पीने वरखाली होणाऱ्या दांड्या लावून घ्याव्यात. त्या भिंतीत बसवता येतात, त्यामुळे वरचा स्लॅब वाचतो. सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत निघतात आणि खालची जागा मोकळी होते. बसण्यासाठी घडीच्या दोन खुर्च्या आणि भिंतीला मिटणारे फळीचे टेबल पुरेसे आहे. वेत या पावसात टिकत नाही आणि साधे लोखंड गंजते, म्हणून पावडर कोटिंग केलेले (भुकटीचा रंग भाजून चढवलेले) लोखंड घ्यावे. दिवे लावणार असाल तर आयपी ६५ दर्जाचे (धूळ आणि पाण्याचा मारा आत न शिरणारे), पिवळसर उजेडाचे निवडावेत. मोठ्या वस्तू आणण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून ते सांडपाण्याच्या जाळीकडे नीट वाहते का, एवढे पाहून घ्यावे, कारण उतार उलटा असेल तर प्रत्येक सरीनंतर पाणी दिवाणखान्यात शिरेल.