आत्तीला सलाईनची शीर सापडेना, कुणी मदत करा

रंकाळाकाठ:
आत्ती इथंच कोल्हापुरात ॲडमिट आहे. सुई लावली की दुसऱ्या दिवशी हात टुम्म फुगतो, काढतात, परत शोधाशोध. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. डावा रिकामा आहे, पण सिस्टर त्याला हातच लावत नाहीत. आता मानेतून लाइन टाकू म्हणतात. शीर धरणारा कुणी चांगला माणूस माहीत आहे का? लवकर सांगा.

पेठेतला:
वय? कशासाठी ॲडमिट? डायलिसिस चालू आहे का? डायलिसिससाठी हातात शीर जोडून फिस्टुला केलेला असतो, त्या हाताला कुणी सुई लावत नाही.

निवृत्त_सिस्टर:
हात थोडा वेळ पलंगाखाली लोंबता ठेवा, वर कोमट टॉवेल. सुई निळी, २२ नंबर मागा. नवीन पोरी पट्टा करकचून आवळतात, म्हाताऱ्या माणसाची शीर तिथंच फुटते.

भूलवाला:
नुसत्या सुईच्या रंगानं भागत नाही. पोटॅशियमसारखं औषध असेल तर बारीक शीर जळते. सोनोग्राफीवर बघून दंडातली खोल शीर धरतात. तिथल्याच भूलतज्ज्ञांना विचारा, बाहेरून माणूस आणू नका.

नाद_खुळा:
वाटीभर पांढरा रस्सा पाजा, शिरा टरारून वर येतील.

निवृत्त_सिस्टर:
आणि पेशंटला तोंडानं काही द्यायचं नसलं तर? कायबी सांगू नका.

रंकाळाकाठ:
वय ६८, न्यूमोनिया. डायलिसिस नाही. डाव्या स्तनाचं ऑपरेशन आणि केमो झालीय, पण त्याला लई वर्षं झाली. त्याचा इथं काय संबंध?

पेठेतला:
अहो, हे आधी सांगायचं की!

भूलवाला:
काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात सुजायची भीती, म्हणून टाळतात. केमोनं शिरा सुतळीगत कडक होतात. हल्ली एवढं सोवळं नको असंही मत आहे.

निवृत्त_सिस्टर:
मत असू दे. मी त्या हाताला सुई लावू देणार नाही.

भूलवाला:
जीवावर बेतलं तर लावावी लागते, बाई. ते डॉक्टर ठरवतील. रंकाळाकाठ, औषध किती दिवस चालणार ते विचारा. मानेच्या आधी उजव्या दंडात मिडलाइन, म्हणजे शिरेत घालायची लांब बारीक नळी, जमेल का, तेही. गोळ्यांवर आणता आलं तर उत्तमच.

नाद_खुळा:
तिथं गाडी लावायला जागा मिळते का हो? भेटायला यायचंय एकाला.

रंकाळाकाठ:
मिडलाइनचं विचारलं, संध्याकाळी मशीन लावून बघतो म्हणाले. उजवा हात ठणकतोय, मलम लावू का?

निवृत्त_सिस्टर:
मनानं काही लावू नका. उशीवर उंच ठेवा. लाल, गरम लागत असेल तर आत्ताच ड्युटीवरच्या सिस्टरना दाखवा.